चार लिटर अमोनिया

"मॅडम, चार लिटर अमोनिया म्हणजे गॅस का लिक्विड?"

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न आला तेव्हा मला वाटलं की कुठल्यातरी क्लासच्या टेस्ट पेपरमधलं गणित असणार, म्हणून म्हटलं की प्रश्न पूर्ण वाच, अवस्था लिहिलेली असेल. तर तो पोरगा म्हणाला, नाही मॅडम, लिहिलेलीच नाहीये, आणि हे पेपरमधलं नाही, माणूस बनवायचं सामान आहे.

मी तालुक्याच्या गावात ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. त्या दिवशी पावसाने एसट्या लेट होत्या, वर्गात निम्मीच पोरं, त्यामुळे पुढचं काही शिकवण्यात अर्थ नव्हता. पहिल्याच धड्यातला द्रव्य अक्षय्यतेचा नियम परत घेत होते, म्हणजे रासायनिक बदलात एकूण वस्तुमान वाढतही नाही आणि घटतही नाही. हा नियम पोरांनी नववीतच पाठ केलेला असतो, तो मांडणाऱ्या लव्हाझिएचं नाव आलं की माना डोलवतात आणि पुढे मनात काहीच हलत नाही, हे मी दरवर्षी बघते. आणि त्या दिवशी याच नियमावर वर्गात एवढी वादावादी झाली की मधल्या सुट्टीची बेल झाली तरी कुणी उठलं नाही.

सामान कसलं तर फुलमेटल अल्केमिस्ट नावाच्या मांगातलं, म्हणजे जपानी कॉमिकमधलं. हिरोमु अराकावा या बाईंनी लिहिलेली आणि काढलेली मालिका, 2001 ते 2010 चालली, 27 खंड. पोरांनी बहुतेक ॲनिमेच, म्हणजे त्याचं कार्टूनच, बघितलेला असतो. मी स्वतः दोन्ही केलंय, मुलाच्या नादाने सुरू केलं आणि मग मलाच सोडवेना, त्यामुळे तो काय म्हणतोय ते मला लगेच कळलं. त्यातली जादू म्हणजे अल्केमी, आणि तिचा एकच कायदा, काहीतरी मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काहीतरी द्यायचं. एक किलो वस्तूतून एक किलोचीच वस्तू होणार. पाण्याच्या गुणाच्या वस्तूतून पाण्याच्याच गुणाची होणार. आणि पायऱ्या तीन, आधी वस्तू कशाची बनलीय ते समजून घ्या, मग ती तोडा, मग परत जोडा. पहिली पायरी न करता कुणालाच जादू येत नाही, मला त्या जगातलं सगळ्यात आवडतं ते हेच, तिथे जादूगार व्हायला अभ्यास करावा लागतो.

दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात आणि त्यासाठी माणसाच्या शरीराची यादी काढतात. पाणी 35 लिटर, कार्बन 20 किलो, अमोनिया 4 लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस 800 ग्रॅम, मीठ 250 ग्रॅम, सोरा (पोटॅशियम नायट्रेट) 100 ग्रॅम, गंधक 80 ग्रॅम, फ्लोरीन साडेसात ग्रॅम, लोखंड 5 ग्रॅम, सिलिकॉन 3 ग्रॅम आणि बाकी 15 मूलद्रव्यं चिमूट चिमूट. मोठा भाऊ म्हणतो की हे सगळं पोराच्या खाऊच्या पैशात बाजारात मिळतं. प्रयोग फसतो, एकाचा पाय जातो, दुसऱ्याचं अख्खं शरीर जातं, आणि त्याचा आत्मा चिलखतात बांधून ठेवण्यासाठी मोठा भाऊ हातही देऊन टाकतो.

मी यादी फळ्यावर लिहिली आणि म्हटलं चला, तपासूच.

अमोनियापासूनच सुरुवात केली. गॅस धरला तर 4 भागिले 22.4 (मोल हे रसायनातलं मोजायचं माप, एक मोल गॅस 22.4 लिटर भरतो), म्हणजे मोलचा पाचवा भागही नाही, त्यातून नायट्रोजन मिळतो जेमतेम अडीच ग्रॅम. 60 किलोच्या माणसात नायट्रोजन दोन किलोच्या आसपास असतो, म्हणजे गॅस गेला. मग मागून कुणीतरी म्हणालं की लॅबमधली लिकर अमोनियाची, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या अमोनियाची, बाटली धरा, ती पण अमोनियाच. धरली. 25 टक्केवाली, चार लिटरमध्ये नायट्रोजन पाऊण किलो. तरी कमी. मग शुद्ध अमोनिया थंड करून द्रवरूप केलेला, उणे 33 डिग्रीच्या खाली, एका लिटरला साधारण 680 ग्रॅम, आणि आकडा आला सव्वादोन किलो. वर्गात एकदम आवाज झाला. यादी लिहिणाऱ्या बाईंनी हिशोब करूनच आकडा टाकला असणार हे कळल्यावरचा तो आवाज होता. आणि प्रश्न विचारणारा पोरगा म्हणतो कसा, मॅडम, आम्ही कंसात अवस्था लिहिली नाही तर तुम्ही अर्धा मार्क कापता, मग यांचाही कापा. कापला, फळ्यावर, रीतसर.

चुन्याचंही तसंच झालं. चुनखडी धरली तर दीड किलोत कॅल्शियम 600 ग्रॅम, विरी गेलेला चुना धरला तर 800 च्या थोडं वर, आणि चुनकळी धरली तर एक किलो सत्तर ग्रॅम. माणसात किलोच्या आसपासच असतं. मिठातून सोडियम निघालं 98 ग्रॅम, पुस्तकात मोठ्या माणसासाठी 100 दिलेलं. फॉस्फरस तर जवळजवळ तंतोतंत. पोरं आता मागणी करून करून एकेक ओळ माझ्याकडून सोडवून घेत होती, मोल काढायचा कंटाळा कुणाला आठवतही नव्हता. पोटॅशियम मात्र सोऱ्यातून 39 ग्रॅमच येतं आणि लागतं त्याच्या तिप्पट. मॅग्नेशियमचं तर नावच नाही, माणसात ते वीसेक ग्रॅम असतं, म्हणजे लोखंडाच्या चौपट-पाचपट, आणि लोखंडाला यादीत स्वतंत्र जागा मिळालीय तर मॅग्नेशियम त्या 15 चिमटींमध्ये कसं काय बसलं हे एका मुलीला अजिबात पटलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

खरी मजा आली ती बेरजेत. सगळं मिळून साडेसाठ किलो भरतं. त्यात कार्बन 20, म्हणजे तिसरा हिस्सा. शरीरात कार्बन धरतात वजनाच्या 18 टक्के, म्हणजे अकरा किलो. (अंगात चरबी जास्त असेल तर टक्केवारी वर जाते, पण एवढी नाही.) आणि ऑक्सिजन पाहिजे 65 टक्के, म्हणजे 39 किलोच्या वर, यादीतून मिळतोय साडेएकतीस. साडेसात-आठ किलो कमी.

"म्हणूनच फसलं त्यांचं!" एक जण ओरडला.

दुसरा लगेच उभा राहिला की असं नाहीये, गोष्टीत कारण वेगळं आहे, आत्म्याची किंमत कशानेच देता येत नाही म्हणून फसलं. पहिला म्हणाला ते लेखकाचं कारण, मी आकड्याचं कारण सांगतोय. मी दोघांनाही थांबवलं नाही. कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यांना स्वतःहून दिसत होतं, आणि हे मला शिकवून दाखवता आलं नसतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी, जी एरवी फक्त लिहून घेते, ती म्हणाली की मॅडम पण ऑक्सिजन यादीत कशाला पाहिजे, हवेत आहेच की, त्यांनी हवेतून घेतला असेल. मी म्हटलं छान, किती हवा लागेल काढ. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन, म्हणजे आठ किलोसाठी 35 किलो हवा, एका घनमीटरला सव्वा किलोच्या आतबाहेर, म्हणजे 29 घनमीटर. तिने फुटात करून बघितलं आणि हळूच म्हणाली, मॅडम, दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट. अख्ख्या खोलीतला ऑक्सिजन संपणार.

मग वर्ग शांत झाला. ते दोघं भाऊ घरातल्या खोलीतच प्रयोग करतात. गोष्टीत गुदमरण्याचा उल्लेखही नाही, अराकावांनी तसं काही सुचवलेलं नाही. पण कायदा जर खरा धरला तर दारं-खिडक्या लावून हा प्रयोग करणारा माणूस आधी श्वास कोंडून पडेल, हे भाकीत या मुलीने काढलं, स्वतः, वहीच्या मागच्या पानावर. लेखकाने न लिहिलेली गोष्ट लेखकाच्याच नियमातून काढता येते, माझ्या मते या मांगांची जादू विज्ञानाला जवळची वाटते ती इथे. त्यात जादूसाठी जमिनीवर काढलेली सर्कल असतात, प्रयोगशाळा असतात, चष्मेवाले संशोधक असतात, पण ते सगळं नुसतं दिखाव्यापुरतं आहे. कांडी फिरवली आणि झालं अशा जादूत चूक पकडताच येत नाही, कारण तिथे काहीही होऊ शकतं.

बाजूच्या वर्गातून फिजिक्सचे सर आवाज ऐकून आले. त्यांनी मांगा वाचलेलं नाही, पण पोरांनी त्यांना पहिला भाग सांगितला. एका गावात एक धर्मगुरू चमत्कार करतोय, लहान वस्तूतून मोठी वस्तू काढतोय, लोक पाया पडतायत. मोठा भाऊ बघतो आणि म्हणतो की हिशोब जुळत नाही, म्हणजे याच्याकडे लपवलेलं काहीतरी आहे. आणि खरंच त्याच्या अंगठीत परीस असतो. पुढे कळतं की तो परीस माणसांचे जीव ओतून बनवतात, म्हणजे किंमत कुणीतरी मोजलेलीच होती, फक्त दिसत नव्हती. (हे सांगताना दोघी जणी कानावर हात ठेवून बसल्या, त्यांचं बघून व्हायचं होतं.)

सर म्हणाले, अरे हे तर पाउली नावाच्या शास्त्रज्ञाने केलं. बीटा क्षयात, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, ऊर्जेचा हिशोब जुळत नव्हता, बोरसारखा मोठा शास्त्रज्ञ म्हणायला लागला की अणूच्या पोटात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पाळला जात नसेल, आणि पाउलीने 1930 मध्ये सांगितलं की नियम ठीक आहे, एक न दिसणारा कण ऊर्जा घेऊन पळतोय. तो कण, न्यूट्रिनो, सापडायला 1956 उजाडलं. आणि 1965 मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो कोलारच्या सोन्याच्या खाणीत, खोल जमिनीखाली पकडले, त्यात आपल्या मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था होती, ओसाका सिटी युनिव्हर्सिटीचे जपानी लोक होते आणि इंग्लंडचे डरहॅमचे. पोरांना जपानी ऐकून फार आनंद झाला. मला वेगळ्याच गोष्टीचा झाला, की नियम मोडल्यासारखा दिसला तर आधी नियम टाकायचा का लपलेलं काही शोधायचं, हा प्रश्न सोळा वर्षांच्या पोरांसमोर असा खरा होऊन उभा राहिला.

दुपारी त्याच बॅचला सॉल्ट ॲनालिसिसचं, म्हणजे दिलेला क्षार कुठला ते ओळखायचं, प्रॅक्टिकल होतं. तिथे सकाळचाच विषय पुढे सरकला, यावेळी हंटर एक्स हंटर. तोगाशींचं मांगा, 1998 पासून सुरू आहे. त्यात नेन नावाची शक्ती असते, सहा प्रकारची, आणि आपला प्रकार कुठला ते ओळखायला पाण्याने भरलेल्या ग्लासवर एक पान ठेवतात आणि दोन्ही हात जवळ धरतात. पाणी वाढलं तर एक प्रकार, रंग बदलला तर दुसरा, चव बदलली तर तिसरा, पाण्यात कण दिसले तर चौथा, पान हललं तर पाचवा. एका मुलीने हे जर्नलच्या मागे टेस्ट, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स असे तीन कॉलम आखून लिहिलं होतं, आणि ते आमच्या सॉल्टच्या टेबलासारखंच दिसत होतं. ग्रुप रिएजंट (त्या गटाचं ओळखायचं रसायन) टाका, अवक्षेप (तळाला बसणारा साका) आला तर हा ग्रुप, नाही आला तर पुढे चला.

सहाव्या प्रकारावर मात्र माझं आणि तिचं जमलं नाही. वरच्यापैकी काहीच न होता भलतंच काही झालं तर तो सहावा. मी म्हटलं हा प्रकारच नाही, ही उरलेल्यांची टोपली आहे, ज्यात काहीही घालता येतं त्याने काहीच सिद्ध होत नाही. ती म्हणाली, मग मेंडेलीवने मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत रिकाम्या जागा ठेवल्या त्या चालतात? प्रश्न भारी होता. पण मेंडेलीवने जागा रिकामी ठेवताना आत काय सापडेल ते आधीच लिहिलं होतं, घनता 5.9 च्या जवळ असेल वगैरे. 1875 मध्ये गॅलियम सापडलं, पहिल्यांदा मोजलेली घनता 4.7 आली, तर मेंडेलीव म्हणाला की परत मोजा, आणि परत मोजल्यावर 5.9 आली. अशी रिकामी जागा चालते. तिला अर्धंच पटलं, म्हणाली ती सहाव्या प्रकाराचे सगळे लोक काढून त्यांच्यात काही कॉमन आहे का बघणार. बघू दे. मला तर तिने न पटता घरी जाणंच जास्त आवडलं.

आता तीन-चार जणांनी ठरवलंय की 60 किलोच्या माणसाची यादी नव्याने करायची, अट एकच, प्रत्येक पदार्थापुढे अवस्था लिहायची. कार्बन कोळशासारखा सुटा न घेता गोडेतेल घ्यायचं असं एकाने सुचवलं, कारण तेलात कार्बनबरोबर हायड्रोजनही येतो आणि मूळ यादीत हायड्रोजनही दीड किलोने कमी होताच. चौदा किलो तेल धरलं तर कार्बन आणि हायड्रोजन दोन्ही सुंदर बसतात. ऑक्सिजन अजून सहा किलोने कमी पडतोय. पाणी वाढवलं तर हायड्रोजन जास्त होतो, साखर घातली तर कार्बन वर जातो, मग तेल कमी करावं लागतं, आणि तिथे सध्या गाडी अडलीय. तेल आणि साखरेचं प्रमाण एकाच वेळी काढायला दोन समीकरणं लागतील, ती मांडायला ते मॅथ्सच्या सरांकडे गेलेत.