ताई, सकाळची गाणी कुठं गेली ओ?

महाद्वार रोडवर साडी बघत असू दे, लग्नाच्या पंगतीत असू दे, नाहीतर गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर. मी कुठं काम करत होते हे समोरच्याला कळलं की प्रश्न ठरलेला. ‘ताई, सकाळची ती जुनी मराठी गाणी कुठं गेली ओ? पोरांसाठी बंद केली म्हणत्यात. पण पोरं तरी ऐकत्यात काय?’ कोल्हापूर शहरातल्या एका खासगी एफएम केंद्रात गाण्यांची यादी लावायचं काम मी बरीच वर्षं केलं आणि हा बदल झाला तेव्हा मी तिथंच होते. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरानं माझंच समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते. जुन्या गाण्यांचे पैसे जास्त पडतात म्हणून ती बंद झाली, असं खूप जण सांगतात. तसं नाही. २०१० साली कॉपीराइट बोर्डानं संगीत कंपन्यांना द्यायची रॉयल्टी खासगी एफएम केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवली होती. गाणं १९६० सालचं की गेल्या शुक्रवारी आलेलं, याच्याशी त्या हिशेबाचा काही संबंध नव्हता. गाणी पैशापायीच गेली, पण ते पैसे जाहिरातीचे.

मोबाइल, दुचाकी, शीतपेयं, कॉलेजांचे प्रवेश अशा मोठ्या जाहिराती मुंबईतून येतात. एजन्सी एका फटक्यात दहा-वीस शहरांसाठी वेळ विकत घेते, आणि त्या तक्त्यात कोल्हापूर म्हणजे एक ओळ. ‘तुमचा श्रोता कोण?’ असा रकाना असतो. तिथं ‘तरुण’ लिहिलं की पुढं बोलणं होतं. ‘सगळे’ लिहिलं की होत नाही.

आता हा श्रोता मोजला कुणी? रेडिओचे श्रोते मोजण्याची ‘रॅम’ नावाची पद्धत २००७ साली सुरू झाली, ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता एवढ्यापुरतीच. तिथं निवडलेल्या लोकांना वही देत आणि कधी कुठलं स्टेशन ऐकलं ते लिहून घेत. कोल्हापुरात अशी वही कुणाच्या घरी आली नाही. एफएमसाठी सरकारनं लोकसंख्येवरून केलेल्या वर्गवारीत आपण ‘सी’ गटातलं शहर, २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आत. आपल्यासाठी वेगळा खर्च कोण करणार? मग महानगरात जे दिसलं तेच इथं लागू झालं. माझा खरा राग इथं आहे. गाणी बदलली याचा तेवढा नाही.

गाणी ठरतात कशी, हेही सांगायला हवं. आरजे, म्हणजे माइकवर बोलणारा निवेदक, मनाला येईल ते लावतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात एक सॉफ्टवेअर असतं. त्यात प्रत्येक गाण्याची नोंद: गायक, वर्ष, भाषा, लय संथ की जलद, कंपनी कुठली. गाणी कप्प्यांत वाटलेली असतात. ताजी आणि जोरात चाललेली एका कप्प्यात, थोडी मागची दुसऱ्यात आणि जुनी ‘गोल्ड’मध्ये. मग तासाचं घड्याळ आखायचं. आठला ताजं, त्यानंतर गोल्ड, मग जाहिराती, मग बोलणं, पुन्हा ताजं. जाहिराती आणि बोलणं धरून तासात दहा-बारा गाणी बसतात. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत, काल आठला वाजलेलं आज आठला नको, असे नियम घातले की यंत्र यादी काढून देतं. त्यानंतर माणूस बसतो आणि यादीवरनं हात फिरवतो. माझं काम ते. यंत्राला लय कळते, पण आज जोतिबाची चैत्र यात्रा आहे, दोन दिवस पावसानं झोडपलंय, आज बारावीचा निकाल आहे, हे त्याला कुठनं कळणार?

आमच्याकडं बदल मुख्य कार्यालयाच्या मेलनं आला. सोबत नवं घड्याळ जोडलेलं. सकाळचा मराठी ‘गोल्ड’चा कप्पा ‘होल्ड’वर टाकायचा होता. तो टाकायला एक खूण पुरते. गाणी पुसली जात नाहीत, सर्व्हरवर तशीच असतात. यंत्र फक्त त्यांच्याकडं बघायचं बंद करतं. त्यांच्या जागी लहानशी यादी आली, आणि जोरातलं गाणं दर तीन-चार तासांनी फिरून यायला लागलं. गाण्यांच्या मधलं बोलणंही आखडलं. पेठेतल्या माणसाचं नाव घेऊन, त्याच्या दुकानाची चौकशी करून गाणं लावायला त्यात जागाच उरली नाही. रात्रीचे काही तास मुंबईत मुद्रित होऊन यायला लागले.

लहान यादीमागं विचार आहे, तो मी नाकारत नाही. महानगरातला श्रोता गाडीत बसतो, पंधरा-वीस मिनिटं ऐकतो, उतरतो. तेवढ्या वेळात ओळखीचं गाणं लागलं नाही तर तो स्टेशन बदलतो. त्याच्यासाठी तेच गाणं चार तासांनी आलं तरी बिघडत नाही. त्यानं मधले चार तास ऐकलेलेच नसतात.

कोल्हापुरात रंकाळ्यावरून कावळा नाक्याला जायला किती वेळ लागतो? इथला रेडिओ गाडीत कमी आणि कामाच्या जागी जास्त वाजतो. गुजरीतल्या पेढीवर, शिलाईच्या दुकानात, गॅरेजात, हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बायकांच्या सोप्यात. सकाळी शटर वर गेलं की सेट चालू, संध्याकाळी शटर खाली आलं की बंद. हात गुंतलेले असतात, डोळे कामावर असतात, कान तेवढे मोकळे. त्या माणसानं तेच गाणं साडेनऊला ऐकलं, एकला ऐकलं, साडेचारला परत ऐकलं. आठवड्याभरात त्याला त्या गाण्याचा वीट येतो.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथच्या कारखान्यात मी स्पर्धेचं बक्षीस द्यायला गेले होते. हत्यारांच्या कपाटावर सेट. अँटेना कधीच मोडलेली, तिच्या बुडात तांब्याची वायर खोचून खिडकीच्या गजाला गुंडाळलेली. सेटवर तेलाचा आणि लोखंडाच्या बारीक किसाचा काळा थर. आवाजाच्या बटणावर बोटं फिरून फिरून ते चकचकीत झालेलं, आणि स्टेशन बदलायच्या बटणावर तो थर जसाच्या तसा. ते मी बराच वेळ बघत उभी होते. या सेटवरचं स्टेशन कुणी बदलतच नव्हतं. मालक पन्नाशी ओलांडलेले, फिटर मधल्या वयाचा, हेल्पर पोरगा विशीतला. मी विचारलं, तुमच्यात भांडणं होत नाहीत का? मालक म्हणाले, ‘सकाळची माझी, नंतरची त्यांची. त्यांचं गाणं लागलं की ते आवाज वाढवत्यात, मी काय बोलत न्हाई.’

बदलानंतर तिथं परत जाणं झालं. सेट कपाटावरच होता, बंद. सकाळचा तास गेल्यावर मालक सेट लावायचे थांबले. मग दुपारीही कुणी लावेना. पोरगा जेवणाच्या सुट्टीत फोनवर गाणी ऐकायचा. लेथवर उभं राहून कानात इअरफोन घालता येत नाही. पोरांसाठी म्हणून केंद्रानं गाणी बदलली आणि त्या पोराचा रेडिओही गेला, कारण सेट मालकाचा होता.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, पोरं ऐकतात का. ज्या तरुणाला कागदावर धरलं होतं, तो कॉलेजात जाणारा, हातात फोन असणारा. त्याला हवं ते गाणं हव्या त्या क्षणी मिळतं. आम्ही लावायच्या आधी ते त्यानं रीलवर शंभरदा ऐकलेलं असतं. उसाच्या ट्रॅक्टरवरचा पोरगा बघा. त्याच्या पेन ड्राइव्हसमोर आणि स्पीकरांसमोर आमचं ट्रान्समीटर काय करणार? त्याच्या मागं धावून तो येणार नाही. आणि जो तरुण खरोखर रेडिओच्या टप्प्यात बसलेला होता, उद्यमनगरात, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, दुकानाच्या काउंटरमागं, त्याला कुणी तरुण म्हणून धरलंच नाही.

नव्या गाण्यांना माझा अजिबात विरोध नाही, हे ठामपणे सांगते. ‘जुनं ते सोनं’ म्हणत माझ्याशी हात मिळवायला येणाऱ्यांची यात निराशा होते. विशीतल्या पोराला त्याच्या काळाचं गाणं आपल्या शहराच्या रेडिओवर ऐकू आलंच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. लोकांना काय ऐकवायचं हे वरून ठरवायची खोड उलट्या दिशेनंही लागते. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताची मनापासून ओढ. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सेटची सुई सरकवली आणि फिल्मी गाणी लावणारं श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीचीच, फिल्मी गाणी लावणारी विविध भारती सुरू झाली. केसकरांना लोकांची अभिरुची सुधारायची होती, आमच्या मुख्य कार्यालयाला ती तरुण करायची होती. ऐकणाऱ्याला दोघांनीही विचारलं नाही.

मग तरुणांसाठी करायचं काय? मला विचाराल तर फुटबॉल. या गावात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने लागले की शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. आपल्या तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा, झेंडा घेऊन आलेली ती पोरं सतरा-अठरा वर्षांची असतात. त्यांना कुठल्याही ॲपवर न मिळणारी गोष्ट म्हणजे त्यांच्याच बोलीत, त्यांच्या खेळाडूचं नाव घेऊन केलेलं वर्णन. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे खरं. पण खासगी एफएमसाठीच्या सरकारच्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात स्थानिक खेळांच्या थेट समालोचनाला वाव ठेवलाय. परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी यांची माहिती देता येते. वाहतूक आणि हवामान सांगता येतं. आपत्तीच्या वेळी प्रशासनानं दिलेल्या सूचना सांगता येतात. एवढं दार उघडं असताना सगळा भर गाण्यांच्या यादीवर का दिला, हे मी बैठकीत विचारलं होतं. उत्तर आलं, त्याला माणसं लागतात. बरोबर आहे, लागतातच.

आपत्तीवरून पुराचं आठवतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महामार्ग बंद पडला, भागाभागात वीज गेली, फोन चार्ज करायचे वांदे झाले. अशा वेळी घरातला सेलवरचा रेडिओ माळ्यावरनं खाली येतो. पातळी किती, कुठला रस्ता बंद, टँकर कुठं येणार. वीस वर्षांचा आणि सत्तर वर्षांचा माणूस तेच ऐकायला बसलेला असतो. त्या रात्री मायक्रोफोनसमोर शिरोली कुठं आणि चिखली कुठं हे ठाऊक असलेला माणूस हवा. मुंबईत मुद्रित केलेल्या कार्यक्रमात तो नसतो. गाण्यांचा बदल एक वेळ मी पचवला असता. रात्रीची खुर्ची रिकामी झाली, ते मला आजही पटलेलं नाही.

माझ्या हाती घड्याळ दिलं असतं तर? सकाळी सात ते नऊ मराठी, जुनं-नवं मिसळून. त्यात या पाच-दहा वर्षांतली चांगली मराठी गाणीही, जी नव्या घड्याळात जवळपास नाहीतच. दुपारी कामाच्या जागा भरलेल्या असतात तेव्हा यादी लांबलचक, दिवसात एकही गाणं दोनदा नाही. संध्याकाळ पोरांची. रात्री गावातला माणूस. याला फार पैसे लागत नाहीत. लागतं ते यादीवर हात फिरवणारं कुणीतरी.

शेवटी लोक विचारतात, ‘मग आम्ही करायचं काय? फोन करून उपयोग होतो का?’ फोन करा, पण तो बऱ्याचदा आरजेपाशी थांबतो, आणि यादी त्याच्या हातात नसते. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर आहे, तेही ऐकत जा. आणि ज्यांचं दुकान आहे, शोरूम आहे, क्लास आहे, त्यांना माझं खास सांगणं. स्थानिक जाहिरात दहा सेकंदांच्या दरानं विकली जाते आणि ती कुठल्या तासात वाजवायची हे जाहिरातदार मागून घेऊ शकतो. पुढच्या वेळी दिवाळीची जाहिरात देताना ऑर्डरवर लिहून द्या: सकाळी सात ते नऊ, मराठी गाण्यांच्या मध्ये. विक्री विभाग तो कागद बाजूला ठेवत नाही. अशा चार-पाच ऑर्डरी एकाच महिन्यात गेल्या, तर त्यांची मेल मुंबईला जाते.