एकही तार न कापता

भोसरीच्या एका छोट्या गाळ्यात आम्ही जुन्या गाड्यांसाठी वायरिंग हार्नेस, म्हणजे कपलर लावून बांधलेला तारांचा जुडगा, बनवतो. रेडिओ किंवा सीडी प्लेअर अजून ठणठणीत आहे, पण मोबाइलमधलं गाणं त्यावर वाजत नाही, अशा या गाड्या. त्यांत आम्ही ब्लूटूथ बसवून देतो. कंपनीने दिलेला रेडिओ जागचा हलत नाही, डॅशबोर्डला भोक पडत नाही आणि गाडीची एकही तार कापली जात नाही. उद्या मालकाने आमचा हार्नेस उपसून काढला, तर गाडी कारखान्यातून आली तशीच्या तशी परत मिळाली पाहिजे. ही अट आम्ही पहिल्या दिवसापासून पाळत आलो आणि आमचा धंदा तिच्याच जोरावर उभा राहिला.

मी डिप्लोमा करून चाकणच्या बाजूला एका हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होतो. तिथे टर्मिनलच्या, म्हणजे तारेच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, क्रिम्पची (दाबून आवळलेल्या जोडाची) उंची मायक्रोमीटरने मोजायचो. मोजमाप थोडं इकडेतिकडे झालं की मशीन थांबायचं. टर्मिनलला दोन पाकळ्या असतात. पुढची उघड्या तांब्याला आवळते, मागची तारेच्या इन्सुलेशनला. पुढची सैल राहिली तर करंट नीट जात नाही, मागची सैल राहिली तर गाडीच्या धक्क्यांनी तार तिथेच तुटते. सुट्टीच्या दिवशी मात्र ॲक्सेसरीच्या दुकानांतून वेगळंच दिसायचं. नवा डेक (बाजारातला म्युझिक प्लेअर) बसवायचा म्हणून गाडीचा मूळ कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा, कटरने छाटायचा, तारा दातांनी सोलायच्या, पीळ मारायचा आणि वरून काळी टेप. उन्हात उभ्या गाडीत त्या टेपचा डिंक वितळतो, टेप सुटते आणि दोन तारा एकमेकींना टेकतात. ज्या लोकांनी तो कपलर मन लावून बनवला, त्यांच्यात मी रोज वावरत होतो. तो असा छाटून डस्टबिनमध्ये पडलेला मला बघवत नसे.

मूळ ठिणगी पडली ती ओळखीतल्या एका डॉक्टरांच्या स्कोडा ऑक्टाव्हियामुळे. ही गाडी आपल्याकडे औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला जोडली जायची. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं, “रेडिओ हाच ठेवायचा. डॅशबोर्डच्या गोलाईत तो बसलाय तसा बाजारातला कुठलाच बसणार नाही. पण दवाखान्यात येता-जाता फोनवरची गाणी ऐकायची आहेत. जमेल का रे?” मी म्हटलं, “बघतो, डॉक्टर.”

रेडिओ बाहेर काढला की मागे कपलरांची रांग दिसते. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत ही रांग आयएसओ १०४८७ या मानकाप्रमाणे असते. ए कपलर विजेचा आणि बी कपलर स्पीकरचा, दोन्ही आठ-आठ पिनांचे. वर सी नावाचे तीन छोटे कपलर असतात, पिवळा, हिरवा आणि निळा. आमचं काम निळ्याशी. तो सीडी चेंजरसाठी ठेवलेला असतो. सहा सीडींची ती पेटी डिकीत किंवा हातटेकणीखाली असायची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती पेटी बसवलेलीच नसे, त्यामुळे निळी जागा रिकामी पडलेली. डावा आवाज, उजवा आवाज, आवाजाची स्वतंत्र अर्थ (करंटच्या परतीची तार) आणि वीज, सगळं तिथे हजर.

नुसता आवाज आणून जोडला तर मात्र रेडिओ तो घेत नाही. सीडीचं बटण दाबलं की तो आधी डेटाच्या तारेवर चेंजरला हाक मारतो. पलीकडून ओ आली नाही, तर आवाजाचा दरवाजा तो उघडतच नाही. म्हणून मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी चिप, बसवावा लागतो. “मी चेंजर आहे, पहिली सीडी, पहिलं गाणं चालू आहे,” असं तो रेडिओला सारखं सांगत राहतो. परदेशातल्या हौशी मंडळींनी फोक्सवॅगन गटाच्या (स्कोडा त्यातलीच) रेडिओंची ही भाषा आधीच उलगडून ठेवली होती. त्यांच्या लिखाणावरून आमच्यातल्या एका मुलाने प्रोग्राम लिहिला. पुढे त्यात आणखी भर घातली. रेडिओवरचं ‘पुढचं गाणं’ हे बटण दाबलं की तो संदेश पकडून ब्लूटूथवरून फोनला द्यायचा, म्हणजे फोनमधलं गाणंही बदलतं. वीस वर्षांपूर्वीच्या बटणाने आजचा फोन चालतो, हे पाहून ग्राहकाच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो त्यासाठी मी हे काम करतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो आवाजातल्या आवाजाने. गाडी बंद असताना गाणं स्वच्छ. इंजिन सुरू केलं की मागून बारीक शिट्टी, आणि ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूर वर चढतो. ही ऑल्टरनेटरची शिट्टी. ऑल्टरनेटरमधून येणारी वीज पूर्ण सपाट नसते, तिच्यावर लहानशा लाटा असतात. ब्लूटूथच्या मॉड्यूलने वीज एका जागेहून घेतली, अर्थ बॉडीच्या भलत्याच बोल्टवर दिली आणि आवाजाची अर्थ रेडिओतून परत आली, की दोन अर्थांमध्ये एक वेटोळं तयार होतं. त्या वेटोळ्यातून वाहणारा करंट थेट आवाजात मिसळतो. ही शिट्टी गेली तरी दुसरी खोड राहते. ब्लूटूथ रेडिओलहरी सोडताना झटक्या-झटक्याने करंट ओढतं. विजेची आणि आवाजाची अर्थ एकच असली, तर ते झटके शांत गाण्यात ‘झर्र-टिक-टिक’ असे ऐकू येतात.

बाजारात यावर एक डबी मिळते, तिच्यात आवाजाचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातली डबी लावली की शिट्टी जाते, पण तिच्याबरोबर तबल्याचा डग्गाही जातो. बारीक ट्रान्सफॉर्मरला खालचे सूर पेलत नाहीत. किशोरीताईंचा तानपुरा किंवा भीमसेनजींचा खर्ज ऐकणाऱ्याला हे लगेच कळतं. म्हणून आम्ही उपाय आवाजावर न करता विजेवर केला. गाडीची वीज आधी पाच व्होल्टवर उतरवायची आणि मग आयसोलेटेड कन्व्हर्टरमधून मॉड्यूलला द्यायची, म्हणजे मॉड्यूलचा गाडीच्या अर्थशी तारेने संबंधच उरत नाही. आवाजाची अर्थ फक्त निळ्या कपलरच्या तिच्या ठरलेल्या पिनेवर, दुसरीकडे कुठेही नाही. वेटोळं तुटलं, शिट्टी गेली आणि डग्गा जागेवर राहिला. खर्च वाढतो, पण आम्ही यात तडजोड करत नाही.

विजेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ग्राहकांना आवर्जून सांगतो. अनेक ठिकाणी मॉड्यूलला वीज पिवळ्या तारेवरून, म्हणजे थेट बॅटरीवरून देतात. मॉड्यूल २० मिलिअँपिअरच खात असेल, तरी महिन्याभरात ते साडेचौदा अँपिअर-तास होतात. गावाला गेलेल्या माणसाच्या ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला जवळजवळ तिसरा हिस्सा. जुनी बॅटरी असेल तर गाडी धक्का मारूनच सुरू करावी लागते. आम्ही रेडिओ चालू झाल्यावरच जिवंत होणाऱ्या पिनेवरून वीज घेतो. आत फ्यूज आणि उलटी वीज अडवणारा डायोड असतो, आणि जोडीला व्होल्टेजचा अचानक आलेला फणका गिळणारा टीव्हीएस डायोड. गाडीत ‘१२ व्होल्ट’ म्हणतात खरं, पण इंजिन चालू असताना ते १४ च्या वर असतात, आणि बॅटरीची जोडणी सैल असेल तर क्षणभर कितीतरी वर उसळतात.

गाळा भाड्याने घेतला २०१३ च्या सुमारास. हँड क्रिम्पर, एक टेबल, मल्टिमीटर आणि प्लायवूडवर खिळे ठोकून केलेला हार्नेस बोर्ड, एवढंच भांडवल. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, कन्व्हर्टर आणि डायोड आणायचो. कपलरांची मात्र पंचाईत होती. जुन्या गाडीचा कपलर सुटा मिळत नाही. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चिखलीच्या कुदळवाडीत मोडीत निघालेल्या गाड्यांच्या ढिगात फिरायचो. तिथून आणला तो फक्त प्लॅस्टिकचा साचा, धुऊन-तपासून. आतलं टर्मिनल प्रत्येक वेळी नवं. एकदा दाबून सैल झालेल्या टर्मिनलमध्ये पुन्हा तशी पकड येत नाही.

आमच्याकडे क्रिम्पिंगला बसणाऱ्या बहुतेक महिला हार्नेसच्या मोठ्या कारखान्यांत काम करून आलेल्या आहेत. मुलं लहान असल्यामुळे शिफ्ट जमत नव्हती, म्हणून त्या सोडून आल्या होत्या. त्यांच्या हातात जी समज आहे ती मला पगार देऊन शिकवता आली नसती. नुसत्या बोटांनी तार ओढून त्या क्रिम्प कच्चा आहे का ते सांगतात. तरीही प्रत्येक लॉटमधून नमुने काढून स्प्रिंग काट्यावर ओढतोच. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने किमान ६० न्यूटन, म्हणजे सहा किलोच्या आसपास ओढ सोसली पाहिजे. “सोल्डर का करत नाही, जास्त पक्कं होईल की,” असं ग्राहक विचारतात. तर सोल्डर तारेच्या बारीक धाग्यांमधून वर चढतं आणि तेवढा भाग कडक होतो. गाडी थरथरते तेव्हा कडक आणि मऊ भागाच्या सीमेवर तार वाकत राहते आणि एक दिवस तुटते. टेपही आम्ही लोकरीसारखी मऊ कापडी वापरतो, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर डॅशबोर्डच्या आत हार्नेस खडखडतो.

ऑक्टाव्हियानंतर स्कोडाचीच लॉरा आली, मग फोक्सवॅगनची चाकणला बनलेली पोलो. हळूहळू फियाट पालिओ, १९९५ पासून पुण्यात जोडणी झालेली मर्सिडीज ई-क्लास, टोयोटा कोरोला असा पसारा वाढला. प्रत्येक घराण्याची रीत वेगळी. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत कायमची वीज आणि किल्लीची वीज या दोन पिनांची जागा बाजारातल्या डेकच्या मानाने उलट असते. न बघता जोडलं तर किल्ली काढली की रेडिओ सगळी स्टेशनं विसरतो. टोयोटाचा आयएसओशी संबंध नाही, तिचे १० आणि ६ पिनांचे स्वतःचे कपलर. तिथे आम्ही टी-हार्नेस करतो. एका टोकाला गाडीचा कपलर बसतो, दुसरं टोक रेडिओत जातं आणि मधून हव्या तेवढ्याच तारांची फांदी निघते. स्पीकरच्या तारांना हात लावायची वेळ आली, तर एक गोष्ट नव्या मुलांना आधी शिकवतो, की स्पीकरची उणे तार म्हणजे अर्थ नव्हे. तिच्यावरही ॲम्प्लिफायरचं व्होल्टेज असतं. ती बॉडीला टेकवली तर ॲम्प्लिफायरची आयसी जळू शकते.

काही कामं आम्ही घेत नाही. ज्या गाड्यांत आवाज मोस्ट नावाच्या ऑप्टिकल फायबरच्या कड्यातून फिरतो, त्यांत कडं एका जागी तुटलं की सगळी साखळी मुकी होते. त्यासाठी लागणारी साधनं आमच्याकडे नाहीत, म्हणून त्या गाड्या जाणकारांकडे पाठवतो. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरच्या वाटेला कुणीही जायचं नाही. फोनवर बोलण्याचा माइक दाराच्या खांबावरून नेतानाही खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या समोरून तार जाणार नाही, याची खात्री केल्यावरच हात घालतो. फक्त कॅसेट असलेल्या आणि चेंजरची जागा नसलेल्या रेडिओला अँटेनाच्या वायरमध्ये एफएम मॉड्युलेटर बसवता येतो, तो फोनचं गाणं एफएम स्टेशनसारखं रेडिओला देतो. पण एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर येत नाहीत, आणि पुण्या-मुंबईत स्टेशनांमधली रिकामी फ्रिक्वेन्सी शोधावी लागते. गाणं मनापासून ऐकणाऱ्या माणसाला आम्ही हे आधीच सांगतो, मग निर्णय त्याचा.

२०२० च्या टाळेबंदीत गाळा बंद होता, गाड्याही बंद होत्या. त्या काळात आम्ही राहून गेलेलं एक काम केलं. प्रत्येक हार्नेसचा नकाशा काढला, कुठली पिन, कुठला रंग, किती लांबी, रेडिओ कसा सोडवायचा, सगळं मराठीत आणि चित्रांसह. बाजार उघडल्यावर हाच नकाशा कामी आला. ज्यांना गाडी घेऊन भोसरीला येणं शक्य नव्हतं, त्यांना आम्ही हार्नेस कुरिअरने पाठवला आणि त्यांनी किंवा गावातल्या वायरमनने तो बसवला. बेळगाव, इंदूर, बडोद्याची मराठी मंडळी आता आमच्याकडून अशीच घेतात. पुढच्याच वर्षी मायक्रोकंट्रोलर मिळेनासे झाले. जगभर चिप्सचा तुटवडा होता. काही ऑर्डर महिनोन्महिने थांबल्या. आम्ही आगाऊ घेतलेले पैसे परत देऊ केले. बरेच जण म्हणाले, “राहू द्या दादा, आम्ही थांबतो.” त्या लोकांचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत.

सध्या बोर्डवर पालिओच्या एका मालिकेचं काम चालू आहे आणि मर्सिडीजच्या जुन्या बेकर रेडिओसाठी नवा प्रोग्राम तपासतो आहोत. तुमची गाडी या यादीत नसेल, तरी विचारा. फोन करण्याआधी रेडिओ बाहेर काढून दोन फोटो घ्या, एक वरच्या लेबलचा, ज्यावर मॉडेल नंबर असतो, आणि एक मागच्या कपलरांचा, तारांचे रंग दिसतील असा. रेडिओ काढण्याआधी त्याचा कोड (वीज तुटल्यावर रेडिओ जो मागतो तो) सापडतो का ते नक्की बघा. तो बहुधा गाडीच्या पुस्तकाबरोबरच्या कार्डावर असतो. आधी कुणी तारा कापल्या असतील, तर तेही सांगा. अशा गाड्यांना आम्ही कपलर पुन्हा घालून देतो, आणि मगच ब्लूटूथला हात लावतो.