जुनं झेड-८० कार्ड चालू करताना

कार्ड तसं आटोपशीर होतं. मध्यभागी ४० पिनांचा झेड-८० प्रोसेसर, शेजारी काचेची खिडकी असलेला २७१६ ईप्रॉम (प्रोग्राम साठवणारी, अतिनील प्रकाशाने पुसता येणारी चिप), दोन २११४ रॅम, टर्मिनलशी सिरियल जोडणीसाठी ८२५१ आणि बाकी टीटीएल, म्हणजे साध्या लॉजिक चिप्स. या मोठ्या चिप्स सॉकेटमध्ये बसवलेल्या होत्या. पुढची सगळी तपासणी त्यामुळेच शक्य झाली.

ईप्रॉममधले बिट वर्षानुवर्षांनी उडू शकतात, म्हणून वीज जोडण्याआधी तो काढून वाचला आणि फाइल जपून ठेवली. पहिला बाइट एफ३ (इथले बाइट आणि पत्ते हेक्समध्ये आहेत) निघाला, म्हणजे इंटरप्ट बंद करण्याची आज्ञा. मागोमाग ३१, म्हणजे स्टॅक पॉइंटर (तात्पुरत्या नोंदींच्या जागेचा पत्ता) भरणं. मॉनिटरची, म्हणजे टर्मिनलवरून मेमरी बघू-बदलू देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, सुरुवात अशीच असायला हवी, त्यामुळे धीर आला. प्रकाश आत जाऊ नये म्हणून खिडकीवर नवी पट्टी चिकटवली.

सॉकेट रिकामे ठेवून व्होल्टेज मोजले, ते ठीक होते. मग क्लॉक. झेड-८०ला क्लॉकची वरची पातळी जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट लागते आणि साधं टीटीएल गेट तेवढं देत नाही. इथे त्यासाठी ३३० ओहमचा पुल-अप (पातळी ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) होता.

या कार्डावर मला सगळ्यात आवडला तो अ‍ॅड्रेस डिकोडर. कोणत्या पत्त्याला कोणती चिप, हे तो ठरवतो. ए११ ते ए१३ या पत्त्याच्या लाइन ७४एलएस१३८ चिपला जातात, म्हणजे प्रत्येक आउटपुटला २ किलोबाइटचा तुकडा. पण झेड-८० रिफ्रेशच्या (डायनॅमिक रॅम ताजी ठेवण्याच्या) वेळीही एमआरईक्यू, म्हणजे मेमरी मागणारा सिग्नल, खाली ओढतो. म्हणून रिफ्रेशच्या वेळी खाली जाणारा आरएफएसएच सिग्नल थेट १३८च्या जी१ या चालू-बंद करणाऱ्या पिनला दिलाय. रिफ्रेश सुरू झालं की डिकोडर बंद! एकही जादा गेट न वापरता.

मग एनओपी (‘काहीच करू नको’ ही आज्ञा) चाचणी. ईप्रॉम आणि रॅम बाहेर ठेवून, ईप्रॉमच्या सॉकेटमध्ये आठही डेटा पिनांपासून ग्राउंडला एकेक किलोओहमचा रेझिस्टर लावला. आता प्रोसेसर काहीही वाचायला गेला तरी ००च मिळतं, म्हणजे एनओपी, आणि तो सगळे पत्ते ओळीने मोजत सुटतो. क्रिस्टल २.४५७६ मेगाहर्ट्झचा, एका एनओपीला चार क्लॉक, म्हणून ए१५वर सेकंदाला साधारण ९.४ पूर्ण आवर्तनं होतात. स्कोपवर मधेमधे रिफ्रेशचा पत्ता घुसतो, तेव्हा एम१ (आज्ञा वाचली जात असल्याचा सिग्नल) सोबत लावूनच बघावं. ए९ प्रोसेसरच्या पिनवर व्यवस्थित दिसत होती, ईप्रॉमच्या सॉकेटमध्ये २२ नंबरच्या पिनवर मात्र नाही. सॉकेटच्या आतली धातूची पट्टी काळी पडली होती. सॉकेट बदललं.

ईप्रॉम परत बसवताना जम्पर (पिनची जोडणी बदलणारा दुवा) तपासणं महत्त्वाचं. २१ नंबरच्या पिनला २७१६मध्ये ५ व्होल्ट हवेत, २७३२मध्ये तिथे ए११ येते.

क्रिस्टलचा तो विचित्र आकडा सिरियलसाठी आहे. त्याला १६ने भागलं की १५३.६ किलोहर्ट्झ, आणि ८२५१ त्याला पुन्हा १६ने भागून नेमका ९६०० बॉड काढतो. टर्मिनल त्या वेगावर लावलं, रिसेट दाबलं आणि मॉनिटरचा प्रॉम्प्ट आला. मला फार आनंद झाला.

लगेच रॅममध्ये ०८०० या पत्त्यावर ५५ लिहून वाचलं, मग एए. दोन्ही जसेच्या तसे परत आले. एक २११४ खालचे चार बिट सांभाळते, दुसरी वरचे; त्यामुळे काही चुकीचं आलं असतं, तर कोणती चिप बदलायची हे त्या बाइटवरूनच कळलं असतं.