रिपोर्ट नॉर्मल, पण बोटं आत जातात

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. सोनोग्राफीची चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांच्या खोलीतून उठायच्या आधी ती वाचा. नेमकं काय बघायला सांगितलंय ते पाहा. मी न वाचताच घडी घालून पर्समध्ये टाकली आणि त्या एका ओळीने माझे अकरा आठवडे खाल्ले.

दुसरं बाळंतपण. मुलगी सात महिन्यांची झाली होती. पलंगावरून सरळ उठायला गेले की पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून बेंबीच्या खालपर्यंत, पालथ्या होडीसारखा उंचवटा वर यायचा. परत आडवी झाले की होडी गायब आणि तिच्या जागी खाच. बेंबीच्या जरा वर बोटं टेकवून डोकं उचललं तर तीन बोटं आडवी सहज मावायची. दाबली तर आत जातच राहायची, टणक असं काही लागायचंच नाही. पोट सुटल्याचं वाईट वाटतंच, पण आपल्याच पोटात आपलं बोट असं बुडालं की अंगावर जी शिरशिरी येते ती वेगळी.

याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात एवढं तेव्हा वाचून माहीत होतं. पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात, रेक्टस नावाचे, आणि त्यांना मधोमध जोडणारी लिनिया आल्बा नावाची चिवट पट्टी. गरोदरपणात ही पट्टी ताणून रुंद होते. फाटत नाही, जुन्या इलॅस्टिकसारखी सैल पडते. तसं होणं हा काही आजार नव्हे. एका अभ्यासात 35व्या आठवड्यात तपासलेल्या झाडून सगळ्या बायकांमध्ये हे अंतर सापडलं होतं. खरा प्रश्न ते नंतर किती भरून येतं हा. नॉर्वेतल्या 300 पहिलटकरणींचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी 60 टक्के, तर वर्षभरानंतरही साधारण एक तृतीयांश बायकांचं अंतर तसंच होतं. म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते. पण सहा आठवड्यांच्या तपासणीत माझ्या पोटाला कुणी हातसुद्धा लावला नाही. टाके बघितले, ‘वेळ द्या’ म्हणाले. दिला. आपोआप भरून येण्याचा बराचसा भाग पहिल्या आठेक आठवड्यांतच होऊन जातो, हे मला सातव्या महिन्यात कळलं.

तर ती चिठ्ठी. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘बेंबीपाशी फुगवटा. हर्निया आहे का पाहावे.’ त्यांचंही चुकलं नव्हतं, बेंबीचा हर्निया यासोबत असू शकतो आणि तो बघायलाच हवा. तीन आठवड्यांनी नंबर लागला. सरळ झोपवलं, गार जेल लावलं, यंत्र बेंबीभोवती फिरवलं, एकदा खोकायला सांगितलं. पाचेक मिनिटांत संपलं. मी विचारलं, ‘ते स्नायूंमधलं अंतर दिसतंय का?’ ‘रिपोर्टमध्ये येईल सगळं.’ रिपोर्टमध्ये आलं ते एवढंच: हर्निया नाही. पोटाची भिंत नॉर्मल.

नॉर्मल!

तो कागद घेऊन फिजिओथेरपीच्या खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी वरून खालपर्यंत वाचला, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. ‘मॅडम, यात तर काहीच नाहीये. कशासाठी नाव लिहू?’ मी पोट दाखवायला तयार होते, अगदी तिथे, रांगेसमोर. त्या म्हणाल्या, डॉक्टरांकडून निदान लिहून आणा. डॉक्टरांची वेळ दोन आठवड्यांनी मिळाली. ते म्हणाले, सोनोग्राफी नॉर्मल असताना मी निदान कसं लिहू, तुम्ही एकदा सर्जनना दाखवा. सर्जनकडे आणखी तीन आठवडे. त्यांनी मात्र पोटाला हात लावला, डोकं उचलायला लावलं आणि ‘हो, अंतर आहे की’ म्हणाले. मला रडूच यायचं बाकी होतं. पुढचं वाक्य होतं, ‘पण हर्निया नाही, त्यामुळे आमच्याकडे याचं काही काम नाही. फिजिओथेरपी करा.’ पुन्हा तीच खिडकी, त्याच बाई. ‘रिपोर्टमध्ये नाहीये हो मॅडम.’

सर्जननी निदान लिहून दिलं नव्हतं का, असं विचाराल. दिलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘हर्निया नाही.’

या सगळ्या काळात मुलगी कडेवर. तिला उचलताना होडी वर यायची, शिंकले तर थेंब थेंब लघवी व्हायची. (हे सांगायला लाजू नका. मी तीन ठिकाणी लाजले आणि चौथ्या ठिकाणी कळलं, की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू याच कहाणीत येतात आणि ते पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते.) मध्येच एक पट्टाही आणला. करकचून बांधला की पोट सपाट, पण खालच्या अंगाला भार जाणवायचा. पट्ट्याने आधार मिळतो, सुरुवातीच्या दिवसांत बरंही वाटतं. अंतर बुजवण्याचं काम तो करेल अशी आशा धरू नका.

गाठ सुटली ती अगदी योगायोगाने. जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म मागायला गेले होते. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने संगणकावर माझी चिठ्ठी उघडली आणि सहज म्हणाली, ‘ताई, यात हर्निया बघायला सांगितलंय, तो नाही म्हणून नॉर्मल. अंतर मोजा असं कुणी लिहिलेलंच नाही.’ मी खुर्चीवरच बसले. एवढे दिवस मी एका प्रश्नाचं उत्तर हातात धरून फिरत होते आणि विचारायचा होता दुसराच. तिनेच एका कागदावर लिहून दिलं, डॉक्टरांकडून कुठले शब्द लिहून आणायचे ते: ‘दोन्ही रेक्टस स्नायूंमधले अंतर मोजावे. बेंबीपाशी, बेंबीच्या वर आणि खाली. स्नायू सैल असताना व डोके उचललेले असताना. मिलिमीटरमध्ये.’ तो चिटोरा मी अजून जपून ठेवलाय.

दुसऱ्या वेळी गुडघे दुमडून झोपवलं, डोकं उचलायला लावलं, तीन जागी मोजलं. बेंबीपाशी सैल असताना 38 मिलिमीटर, डोकं उचलल्यावर 31. वर 27, खाली 14. साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलं की अंतर जास्त धरतात, त्यामुळे आता वादच नव्हता. खिडकीवरच्या त्याच बाईंनी आकडा वाचला, पेन काढलं आणि नाव लिहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही, पण जिन्यात पोहोचल्यावर मोठ्याने हसले.

पुढचं खरं तर सोपं होतं. फिजिओ बाईंनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही, श्वास बघितला. मी पोट आत ओढताना श्वास रोखून धरायचे, त्याने सगळा दाब पुढे आणि खाली ढकलला जायचा. मग श्वास सोडता सोडता ओटीपोटाचा तळ हलकेच वर उचलायचा आणि बेंबीखालचा भाग आत घ्यायचा, इतकंच दोन आठवडे. बाळ उचलतानाही तोच नियम, जोर लावायच्या क्षणी श्वास बाहेर. पलंगावरून उठायचं ते कुशीवर वळून, हाताचा आधार घेत. नंतर पाय सरकवणं, आडवं पडून कंबर उचलायची ‘पूल’, अर्धं प्लँक, मग वजनं. मी घाबरत विचारलं, क्रंच, म्हणजे आडवं पडून डोकं-खांदे उचलायचा व्यायाम, तो तर विषच ना? व्हिडिओंत तसंच सांगतात. त्या म्हणाल्या, डोकं उचलल्यावर तुमचं अंतर 38चं 31 झालं ना, मग? बघायचं ते होडी वर येते का. येत असेल तर तो व्यायाम आज जड आहे, पुढच्या महिन्यात नसेल.

माझी कंबरदुखीही मी या अंतराच्याच खाती टाकली होती. त्यांनी तेही मोडून काढलं. त्याच नॉर्वेच्या अभ्यासात अंतर असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या कंबरदुखीत फरक आढळला नव्हता. माझी कंबर वाकून दूध पाजण्याने दुखत होती. उशी उंच केली, थांबली.

मधल्या काळात प्लास्टिक सर्जनना भेटून आले. ठरवायला नाही, समजून घ्यायला. शस्त्रक्रियेत दोन्ही स्नायू मध्यरेषेवर टाके घालून जवळ आणतात, जास्तीची कातडी असेल तर तीही काढतात. हर्निया असेल तर अनेकदा जाळीही बसवतात. त्यांनी मन लावून सांगितलं, घाई अजिबात केली नाही: बाळंतपणाला निदान वर्ष होऊ द्या, पुढे मूल नको हे पक्कं असू द्या, कारण नव्या गरोदरपणात ते पुन्हा ताणलं जाऊ शकतं. आणि नंतर सहाएक आठवडे जड उचलायचं नाही. दहा किलोची मुलगी कडेवर घेऊन मी हे ऐकत होते. व्यायाम मनापासून करूनही ज्यांचं पोट भार पेलत नाही, त्यांनी शस्त्रक्रिया केली तर त्यात हौस कसली? तरी विम्याच्या अर्जात अनेकदा हिची रवानगी ‘सौंदर्यासाठी’च्या रकान्यात होते. तिथेही मिलिमीटरचा आकडा आणि तक्रारींची लेखी नोंद जवळ असलेली बरी. मी केली नाही. मला गरज उरली नाही.

चार महिन्यांनी पुन्हा मोजलं: बेंबीपाशी 24. शून्य नाही, अगदी दोनच्या आतही नाही. पण बोट टेकवून डोकं उचललं की खाली काहीतरी ताठ होतं आणि बोटाला वर ढकलतं. मी ते दिवसातून चारदा करून बघायचे, बसल्या जागी, उगाचच.

एक राहिलंच. बेंबीपाशीचा फुगवटा टणक झाला, लाल झाला, दुखायला लागला, दाबून आत जाईना किंवा सोबत उलट्या सुरू झाल्या, तर चिठ्ठी, नंबर, खिडकी काही बघू नका, थेट तातडीच्या विभागात जा. तो अडकलेला हर्निया असू शकतो. आणि दुसऱ्या सोनोग्राफीला जाताना तो चिटोरा हातात ठेवा, पर्समध्ये नको.