कलेक्शनला गेलेलं बाळाचं बिल आणि कोणी न विचारलेला इन्शुरन्स

अमेरिकेत हॉस्पिटलचं बिल कलेक्शन एजन्सीकडे गेलं की इन्शुरन्सचा विषय संपला, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. एजन्सीचं काम फक्त वसुली. क्लेमचा हिशेब हॉस्पिटल आणि इन्शुरन्स कंपनी यांच्यातला, आणि त्याची मुदत बऱ्याचदा शिल्लक असते. न्यू जर्सीत मुलीच्या जन्माचं ६,४१२ डॉलरचं बिल आमच्याकडे सात महिन्यांनी एजन्सीच्या लेटरहेडवर आलं. शेवटी भरले ३१८.

आधी घोळ कसा झाला ते सांगते, कारण दोघंही नोकरी करणाऱ्या घरांत तो सहज होतो. माझा आणि नवऱ्याचा आपापल्या ऑफिसचा वेगळा इन्शुरन्स. मुलीला आम्ही नवऱ्याच्या प्लॅनवर घातलं, जन्मापासून ३० दिवसांच्या आत. कायद्याने कमीत कमी एवढी मुदत मिळते. त्यात नाव घातलं की कव्हर जन्मतारखेपासून लागू होतं, चुकलं तर बहुधा पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे प्लॅनमध्ये नावं घालायच्या वार्षिक मुदतीपर्यंत थांबावं लागतं. पण हॉस्पिटलकडे कार्ड माझं, कारण अ‍ॅडमिट मी झाले होते. त्यांनी बाळाचा क्लेमही माझ्याच कंपनीला पाठवला, आणि तोसुद्धा ‘बेबीगर्ल’ आणि आडनाव एवढ्यावर. आपल्याकडे बारशापर्यंत नाव नसलं तरी कोणाचं काही अडत नाही. इथे जन्मदाखल्यावर बहुधा लगेच नाव घालतात, पण बिलिंगचं खातं मात्र बेबीगर्लच राहतं. माझ्या कंपनीने २७ मे रोजी ‘ही व्यक्ती आमची सभासद नाही’ म्हणून क्लेम नाकारला. हॉस्पिटलने सगळी रक्कम आमच्या नावे टाकली, आम्ही तोवर अपार्टमेंट बदललं होतं आणि बिलं जुन्या पत्त्यावर जात राहिली.

(मूल दोघांच्याही प्लॅनवर असेल तर वाढदिवसाचा नियम लागतो: ज्या पालकाचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन पहिला. फक्त महिना आणि तारीख बघतात, जन्मसाल नाही.)

एजन्सीचं पत्र आलं की पैसे भरायचे नाहीत, पण पत्र बाजूलाही टाकायचं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरअखेरपासून लागू झालेल्या नियमांमुळे या पत्रात वाद नोंदवायची शेवटची तारीख छापलेली असते, साधारण ३० दिवसांची. बहुतेक पत्रांना खाली कापून पाठवायचा भाग असतो, त्यात चौकटी असतात: हे कर्ज माझं नाही, रक्कम चुकीची आहे, इतर. मी ‘रक्कम चुकीची’ आणि ‘इतर’ यांवर खूण केली आणि सोबत तीन ओळींचं पत्र जोडलं: या तारखेला पेशंटला अमुक कंपनीचं कव्हर होतं, तिला क्लेम पाठवलेलाच नाही, कर्जाचा पुरावा द्या. ‘सोबत इतकी रक्कम जोडली आहे’ ही चौकट रिकामी ठेवली. हे सगळं सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. मुदतीत लेखी वाद नोंदवला की पुरावा देईपर्यंत वसुली थांबवणं त्यांना बंधनकारक असतं. नुसतं फोनवर सांगून हा हक्क मिळत नाही, आणि फसगत होते ती बहुतेक इथेच. फोनवरचा माणूस गोड बोलून ‘नोट केलंय’ म्हणतो. सोशल सिक्युरिटी नंबर द्यायची गरज नाही. ‘निदान २५ डॉलर तरी भरा’ याला तर साफ नकार, कारण बऱ्याच राज्यांत थोडी रक्कम भरली तरी जुन्या कर्जाची कोर्टात जायची मुदत नव्याने सुरू होते.

४० टक्के सूट देऊन मिटवायची ऑफरही आली. मोह होतो. पण ते पैसे डिडक्टिबलमध्ये (इन्शुरन्सने द्यायला लागण्याआधी दरवर्षी आपण भरायच्या रकमेत) धरले जात नाहीत, आणि खातं एकदा मिटलं की हॉस्पिटल कशाला पुन्हा क्लेम पाठवेल?

खरं काम हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये. तिथे पहिलं उत्तर ठरलेलं: ‘खातं आमच्याकडे नाही, एजन्सीशी बोला.’ त्यावर एकच प्रश्न विचारायचा: कर्ज विकलंय की नुसतं वसुलीला दिलंय? वसुलीला दिलेलं खातं हॉस्पिटल परत बोलावू शकतं, त्याला ‘रिकॉल’ म्हणतात, आणि हाच शब्द वापरायचा. मी सुपरवायझरकडे दोन गोष्टी मागितल्या, रिकॉल आणि नवऱ्याच्या कंपनीला नव्याने क्लेम. शिवाय तपशीलवार बिल आणि यूबी-०४ हा हॉस्पिटलचा क्लेम फॉर्म मागवला. बिलिंगची कागदपत्रं मिळणं हा पेशंटचा हक्क आहे, ३० दिवसांत द्यावी लागतात.

मग मुदतीचा प्रश्न. नेटवर्कमधल्या, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलला क्लेम पाठवायला बहुतेक करारांत ९० किंवा १८० दिवस असतात. मेडिकेअरला (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स) सेवेच्या तारखेपासून एक वर्ष. जन्म मार्चमधला, म्हणजे वरवर पाहता १८० दिवस उलटले होते. पण क्लेम आधी चुकीच्या कंपनीकडे वेळेत गेला असेल, तर अनेक कंपन्या तिच्या नकारपत्राच्या तारखेपासून दिवस मोजतात. नवऱ्याच्या कंपनीने फोनवर तेच सांगितलं. २७ मे अधिक १८० दिवस, म्हणजे २३ नोव्हेंबर. एजन्सीचं पत्र आलं होतं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. माझ्या कंपनीचं ते नकारपत्र मी हॉस्पिटलला फॅक्स केलं, दुसऱ्या दिवशी इन्शुरन्सवाल्यांना आणि बिलिंगला एकाच फोनवर जोडलं, आणि कॉलचा रेफरन्स नंबर तारखेसह लिहून ठेवला. २ नोव्हेंबरला क्लेम गेला.

समजा मुदत गेलीच असती, तरी वाट बंद नव्हती. नकाराच्या कोडआधी दोन अक्षरं असतात. पीआर म्हणजे रक्कम पेशंटवर, सीओ म्हणजे करारानुसार हॉस्पिटलने सोडून द्यायची. मुदत उलटल्याचा कोड २९. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलला तो सहसा सीओ-२९ म्हणून येतो, म्हणजे त्यांच्या उशिराचं बिल पेशंटच्या माथी मारता येत नाही. घरी येणाऱ्या ईओबीवर (क्लेमचं काय झालं आणि आपला वाटा किती, हे सांगणारा इन्शुरन्सचा कागद) ही अक्षरं बऱ्याचदा नसतात. इन्शुरन्सला फोन करून, शब्दशः अक्षरं विचारून घ्यायची. ‘आमच्याकडे असा क्लेमच नाही’ हे उत्तर मिळालं, तर तो क्लिअरिंगहाऊसमधूनच, म्हणजे हॉस्पिटलचे क्लेम इन्शुरन्सकडे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीकडूनच परत फिरलेला असू शकतो, बहुतेक वेळा नाव किंवा जन्मतारीख न जुळल्यामुळे. मग तो नाकारलेलाही नसतो, नुसता पोचलेला नसतो. तशा वेळी हॉस्पिटलकडे तो पाठवल्याचा रिपोर्ट मागायचा.

हॉस्पिटल अजिबातच हललं नाही तर सभासद स्वतः क्लेम भरू शकतो. त्यासाठी प्रोसिजरचे आणि निदानाचे कोड, हॉस्पिटलचा टॅक्स आयडी आणि एनपीआय (हॉस्पिटलचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो; हे सगळं यूबी-०४ वर असतं. ऑफिसच्या प्लॅनमध्ये नकाराविरुद्ध अपिलाला १८० दिवस मिळतात.

क्रेडिट स्कोअरच्या धाकाने लोक घाईने भरून मोकळे होतात. तीनही क्रेडिट ब्युरो कलेक्शनमधलं मेडिकल कर्ज एक वर्ष होईपर्यंत दाखवत नाहीत, आणि २०२३ च्या एप्रिलपासून ५०० डॉलरखालचं दाखवतच नाहीत. सात महिन्यांच्या बिलासाठी रात्रीची झोप घालवायचं कारण नव्हतं.

याच काळात २१० डॉलरचं आणखी एक बिल निघालं, बाळाच्या श्रवणतपासणीचं. कानाला तार लावून ती पाच मिनिटांची तपासणी करणारी बाई हॉस्पिटलची नव्हतीच. बाहेरच्या कंपनीची, तीही नेटवर्कबाहेरची. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये असेल तर १ जानेवारी २०२२ पासून अशा वेळी पेशंटकडून नेटवर्कच्या दराइतकाच वाटा घेता येतो. ईओबीवर आमच्या वाट्याला ० होता. त्याची प्रत पाठवली, बिल रद्द झालं.

मुख्य क्लेमचा ईओबी डिसेंबरमध्ये आला: मंजूर दर २,१८०, आमचा वाटा ३१८. तो हॉस्पिटलला भरला, एजन्सीला नाही. खातं परत घेतल्याचं आणि शिल्लक शून्य असल्याचं लेखी मागितलं. तो कागद लागतो, कारण असलं खातं चुकून दुसऱ्या एजन्सीकडेही जातं.

एक फोन शेवटी वेगळा करावा लागला. ‘बेबीगर्ल’चं नाव बदलणं बिलिंगच्या हातात नसतं, ते रजिस्ट्रेशनवाले करतात. नाव, जन्मतारीख आणि नवऱ्याच्या कार्डावरचा सभासद नंबर त्यांच्याकडून वाचून घेतला, तेव्हा कळलं की आमचं आडनावही एका अक्षराने चुकलेलं होतं.