१:२४ वॉटर टेंडर: पंप बसला, आता कपाटं

पंपाचं पॅनेल बसलं आणि माझं अग्निशमन बंबाचं १:२४ मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचं, पहिल्यांदाच बंबासारखं दिसायला लागलं. केबिन, चाकं, लाल रंग हे सगळं आधीच उरकलं होतं, पण तोवर ते लाल रंगाचा कुठलाही ट्रक म्हणून खपलं असतं. माझं मत आता पक्कं झालंय, बंबाचा खरा चेहरा मागच्या बाजूला असतो. आपण मॉडेलवाले पुढच्या जाळीवर आणि दिव्यांवर जीव ओततो आणि मागे एक शटर चिकटवून मोकळे होतो. आगीच्या ठिकाणी जवानांचं सगळं काम मात्र मागून आणि बाजूच्या कपाटांतून चालतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हा टाइप बी वॉटर टेंडर आहे, म्हणजे पाण्याची टाकी आणि पंप असलेला बंब, आपल्याकडे स्टेशनांत सर्रास दिसतो तो. ४२०० मिमी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) धरलाय, म्हणजे मॉडेलमध्ये १७५ मिमी. टायर १०.००-२० चे, ते इथे ४४ मिमी व्यासाचे होतात. बॉडी दीड मिमी स्टायरीन (प्लास्टिक) शीटची. लाल रंग भारतीय मानकातल्या ५३६ नंबरच्या ‘फायर रेड’शी जुळवून घेतलाय. ५३८ हा पोस्टाच्या पेटीचा लाल, त्यामुळे दुकानात नुसतं ‘लाल द्या’ म्हणून चालत नाही.

आता पंप. टाइप बीची टाकी ४५०० लिटरची आणि पंप ७ किलो दाबाला मिनिटाला १८०० लिटर फेकणारा. म्हणजे पंप पूर्ण क्षमतेने चालवला तर टाकी अडीच मिनिटांत रिकामी! हे गणित डोक्यात बसलं की बंबाची सगळी मांडणी उलगडते. टाकीतलं पाणी पहिल्या हल्ल्यापुरतं. तेवढ्या वेळात विहीर, तळं, नाहीतर दुसरा टँकर जोडला गेला पाहिजे. म्हणून पाणी उपसायचा सक्शन पाइप हाताशी, त्याच्या तोंडाची गाळणी म्हणजे स्ट्रेनर त्याच्या शेजारी, आणि प्रायमिंगचा, म्हणजे पाइपातली हवा काढून टाकायचा, दांडा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर. मी पॅनेलवर दोन गेज, पाणी बाहेर सोडणारे चार डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि हा दांडा बसवलाय. गेजच्या तबकड्या साडेचार मिमीच्या. त्यातल्या एकीवर शून्याच्या डावीकडे व्हॅक्यूमचा भाग लाल केलाय, कारण पाणी उपसताना ऑपरेटरची नजर तिथेच खिळलेली असते.

सक्शनवरून एक इथलीच गोष्ट. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला हिशेबाने ही मर्यादा १०.३ मीटर. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे ती साडेनऊच्या आसपास येते, आणि प्रत्यक्षात तर त्याहून बरंच कमी हाती लागतं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की हा जवळजवळ एक मीटरचा फरक चांगलाच जाणवणार. मॉडेलचे सक्शन पाइप करताना ३ मिमीच्या वायरवर बारीक तांब्याची तार फेर देत गुंडाळली आणि वरून उष्णतेने आकसणारी हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली. गरम केल्यावर तारेचे वेढे स्लीव्हखाली हुबेहूब उमटतात. व्यास ४.२ मिमी भरला, १०० मिमीच्या खऱ्या पाइपाला तंतोतंत.

खऱ्या बंबाची मापं घेतली ती अग्निशमन सेवा सप्ताहात, परवानगी काढून. १४ ते २० एप्रिलला स्टेशनं लोकांसाठी सामान मांडतात, आपल्यासारख्यांना याहून चांगला मुहूर्त नाही. १४ एप्रिल ही तारीख १९४४ ची, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला त्या दिवसाची. जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग विझवायला गेलेले ६० हून अधिक जवान गेले. तेव्हा आपलं बेळगावही मुंबई प्रांतातच होतं. मांडलेल्या सामानाला हात लावण्याआधी हे आठवतं, आणि मग एखादं नोझल ‘कोण बघतंय’ म्हणून अंदाजाने करायला मन धजत नाही.

मी टेप लावून कपाटांची खोली मोजत होतो, तेवढ्यात एक वयस्कर फायरमन मागे येऊन उभे राहिले.

“काय मोजूलास रे?”

“मॉडेल करूलालो, काका. कपाटं बरोबर यायला पाहिजेत.”

“मग नुसती मापं घेऊन काय उपयोग? कुठलं सामान कुठं असतंय ते लिहून घे की. रात्री, धुरात, न बघता हात तिथंच गेला पाहिजे.”

मग त्यांनी एकेक शटर वर करून दाखवलं. ब्रँच (होजच्या टोकाला लावायची हातात धरायची नळी) आणि नोझल दाराच्या तोंडाशीच, होजच्या म्हणजे पाण्याच्या नळ्यांच्या गुंडाळ्या उभ्या, त्यांचे जोड म्हणजे कपलिंग बाहेरच्या अंगाला. कुऱ्हाड, पहार, दोर वेगळ्या खणात. एका शटरच्या दांडीचा रंग फक्त डाव्या बाजूला झिजून आतला धातू उघडा पडलेला. तिथे खाली पायरी आहे, तिच्यावर उभं राहिल्यावर हात नेमका तिथेच पडतो. मी मॉडेलवर ती झीज तेवढीच केलीय, बाकी दांडी कोरी. सरसकट गंज आणि चिखल फासण्यापेक्षा अशी एक खूण जास्त खरी दिसते.

आपल्या भागात एक सोय आहे, ती पुण्या-मुंबईच्या मित्रांना मिळत नाही. कर्नाटकात अग्निशामक दल राज्य सरकारचं खातं आहे, १९६४ च्या कायद्याखाली चालणारं. महाराष्ट्रात ते महापालिका-नगरपालिकांचं. कोल्हापूर महापालिकेचा बंब आणि बेळगावचा बंब यांत शंभरेक किलोमीटरचं अंतर, पण मालक, अक्षरं, नंबर प्लेट, सगळं वेगळं. निपाणीच्या आसपास राहणाऱ्याला दोन्ही पद्धती एका दिवसात बघता येतात. माझ्या गाडीवर कन्नड अक्षरं आहेत. ती स्टेन्सिलने रंगवू नका, गोल अक्षरांच्या पोटातली जागा रंगाने बुजते. पारदर्शक डेकल शीटवर (मॉडेलवर चिकटवायच्या पातळ छापील पापुद्र्यावर) छापून घ्या, खाली पांढरा थर द्या.

होजबद्दल कळकळीने सांगतो, गोल दोरा वापरू नका. ६३ मिमीचा होज पाणी नसताना चपटा असतो, रुंदी साधारण १०० मिमी. म्हणजे आपल्याला हवी ४ मिमीची पातळ सुती फीत. ती शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळते. १५ मीटरचा होज म्हणजे साडेबासष्ट सेंटिमीटर फीत. मधोमध दुमडून तिथून गुंडाळली की दोन्ही टोकं बाहेर येतात.

कपलिंगसाठी उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. एवढी मोठी फौंड्रीची वसाहत गावात असताना प्लास्टिकची कपलिंग कशाला? त्याने पितळी सळईतून मेल-फीमेल जोड्या काढून दिल्या, बाहेरचा व्यास ४ मिमी. खऱ्या कपलिंगमध्ये फीमेलच्या दोन बाजूंना स्प्रिंगवरचे खिट्टे असतात. मेल ढकलला की खट्‌कन अडकतो, पेच फिरवायला वेळ घालवावा लागत नाही. आपल्या मापात स्प्रिंग शक्य नाही, पण खिट्ट्यांचे कान मी ०.४ मिमी तारेने डाखले आहेत. पितळ थोडं काळवंडू दिलं की गनमेटलच्या जवळ जातं.

पुढचं काम छताचं. १०.५ मीटरची एक्स्टेन्शन शिडी पूर्ण उघडल्यावर मॉडेलमध्ये पावणेचव्वेचाळीस सेंटिमीटर होते, ती खरोखर सरकणारी करायचीय. शिडी मागे ओढून उतरवतात तिथल्या रोलरची रचना मला अजून जवळून हवी आहे. शिवाय रबरी बोटही करायचा विचार आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा पात्राबाहेर आल्या तेव्हा आपल्या सीमाभागात बंबापेक्षा बोटीचीच वाट बघितली जात होती. चिकोडी, निपाणी, गडहिंग्लज, इचलकरंजीकडच्या कुणाकडे शिडीच्या मागच्या रोलरचे फोटो असतील तर द्या, बाजूला पट्टी धरून काढलेले असतील तर फारच उत्तम.