चकलीची डायरी: आधी कार्ड, मग कात्री

चकली म्हणजे आमची कॉकर स्पॅनियल, सोनेरी, मादी. मे महिन्यात ठाण्याला आमच्या घरी आली. कॉकर पाळायचा म्हणजे ग्रूमिंग आलंच: पाणी प्यायला वाकली की कान भांड्यात, पोटाखाली आणि पायांवर झालर, बोटांच्या मध्ये केसांचे गुच्छ. विंचरणं, नखं, पंजे हे मी घरी शिकतेय. पहिला ट्रिम मात्र मुरलेल्या ग्रूमरकडून करून घ्यायचा आणि शेजारी उभं राहून बघायचं, असं आधीच ठरवलं होतं. ही नोंद त्या पहिल्या ट्रिमपर्यंतच्या तयारीची आहे. यात कात्री कमी आणि सुई जास्त आहे. आपल्या कुत्री पाळणाऱ्यांच्या गटात ब्लेडचे नंबर, शॅम्पू, कंगव्याचे दात यांवर तासन्तास बोलणं होतं. लसीकरणाच्या कार्डाचा विषय निघतो तो ग्रूमरने ते ऐनवेळी दारात मागितल्यावर.

वय ८ आठवडे

ब्रीडरने दिलेल्या कार्डावर सहाव्या आठवड्याची एक नोंद होती. तारीख आणि गिचमिड सही, बस्स. स्टिकर नाही. डॉक्टर मॅडमनी ती नोंद धरलीच नाही. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर सोलून कार्डावर लावतात, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. ते नसेल तर कुठली लस दिली, मुळात दिली का, हे कोण सांगणार? शिवाय लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मे महिन्याच्या उकाड्यात ती कुठून कशी आली असेल याचा भरवसा नाही. म्हणून आमची मोजणी नव्याने सुरू झाली.

पहिली लस डीएचपीपीआय आणि लेप्टोची. म्हणजे डिस्टेंपर, हेपटायटिस, पार्व्हो, पॅराइन्फ्लुएन्झा आणि लेप्टोस्पायरोसिस. दवाखान्यात याला ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ म्हणतात. आकडा कंपनीप्रमाणे आणि लेप्टोचे प्रकार किती धरले त्यावर बदलतो, त्याच्यामागे लागू नये.

डोस पुन्हा पुन्हा का, हे मॅडमनी छान समजावलं. पिल्लाला आईच्या चिकातून तयार प्रतिकारशक्ती मिळते. ती अंगात असेपर्यंत लसीलाही टिकू देत नाही. ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, एकाच वेतातल्या भावंडांचंसुद्धा. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा डोस वयाच्या १६ आठवड्यांना किंवा त्यानंतर. ‘तीन डोस झाले’ ही बढाई म्हणूनच पोकळ. सहा, नऊ आणि बारा आठवड्यांना तीन डोस झालेलं पिल्लू कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात उघडं असू शकतं. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना, जिला सगळे डॉक्टर ‘वसावा’ म्हणतात, तिच्या २०२४ च्या मार्गदर्शनात हे १६ आठवड्यांचं सूत्र आहे. कुत्र्यांच्या कोरोनाच्या लसीची त्यात शिफारस नाही, त्यामुळे ती आम्ही घेतली नाही. लेप्टो मात्र घेतलीच. ठाण्या-मुंबईत पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि उंदीर यांच्यामधून कुत्रा फिरवायचा आणि लेप्टो टाळायची, याला काही अर्थ नाही. तो आजार माणसालाही होतो.

लस नेहमी सकाळी घ्यावी. ॲलर्जी आली तर पहिल्या काही तासांत येते, तोंड सुजतं, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. तेव्हा दवाखाना उघडा हवा.

वय १२ आठवडे

दुसरा डोस, आणि सोबत रेबीजची लस, म्हणजे एआरव्ही. ती १२ आठवड्यांच्या आत देत नाहीत. मुंबई-पुण्यात महापालिकेच्या परवान्याला तिचं प्रमाणपत्र लागतंच, पण ग्रूमिंगच्या दृष्टीने कारण आणखी जवळचं आहे. टेबलावर घाबरलेलं पिल्लू चावतं. लस न झालेल्या पिल्लाचा दात लागला तर ग्रूमरला स्वतःला इंजेक्शनं घेत बसावं लागतं. ज्याच्या हातात आपण कुत्रा देतो त्याच्यासाठी एवढं तरी करावं.

पुढच्या भेटीत केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस घेतली. ही नाकात थेंब टाकून देतात. बोर्डेटेला या जिवाणूविरुद्ध तिचा असर ७२ तासांत सुरू होतो, पॅराइन्फ्लुएन्झाविरुद्ध मात्र तीन आठवडे लागतात. सलूनमध्ये एकाच हवेत पाच-सहा कुत्री, वर ब्लोअर सगळ्यांचे शिंतोडे उडवतोय; खोकला पसरायला याहून सोयीची जागा नाही. आणि ही लस सगळीकडे आपोआप दिली जात नाही, मागावी लागते. थेंबांनंतर चकली काही दिवस शिंकत होती. ते अपेक्षितच असतं, पण शिंकतं पिल्लू सलूनला न्यायचं नाही, म्हणून थेंब आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही.

मधल्या काळात घरचा सराव. ट्रिमर नुसता चालू करून खाटेवर ठेवायचा आणि शेजारी उकडलेल्या चिकनचे तुकडे. मग बंद ट्रिमर पंजाला लावायचा. मग चालू ट्रिमर, पण उलट्या बाजूने, नुसती थरथर कळेल इतका. ब्लोअरऐवजी आधी हेअर ड्रायर, थंड हवेवर, दुसऱ्या खोलीतून. घरी आंघोळही घातली. डॉक्टर लस दिल्यावर काही दिवस आंघोळ नको म्हणतात, त्याचं कारण साधं आहे: पिल्लाला कणकण असते, सुईची जागा दुखते. आंघोळीने लस ‘उतरते’ हे आमच्या सोसायटीतलं शास्त्र.

वय १४ आठवडे: गोचीड

जून संपत आला आणि उजव्या कानाच्या घडीत पहिली गोचीड सापडली. तोवर डोस पूर्ण नव्हते म्हणून चकली जमिनीवर फिरलीच नव्हती, मी तिला कडेवर घेऊन गॅलरीत आणि जिन्यात उभी राहायची. तरीही.

इथे जरा थांबते, कारण पिसवा आणि गोचिड्या यांचा हिशोब एकत्र लावला की दोन्हीकडे फसगत होते.

पिसू कुत्र्यावर राहते, पण तिची अंडी गळून घरभर पडतात. एका वेळी कुत्र्यावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पसाऱ्याचा साधारण पाच टक्के भाग; बाकी अंडी, अळ्या आणि कोष, तेही गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, अंथरुणात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने गप्प पडून राहते आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर पडते. मे महिनाभर बंद असलेलं घर उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी घोट्यांना चावे का येतात, त्याचं उत्तर हे. अळ्यांना दमट हवा लागते, त्यामुळे आपला पावसाळा त्यांच्या सोयीचा. पिसू तपासायची सोपी रीत: शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवायची आणि फणीतला काळा चुरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकायचा. तांबूस डाग पसरला तर तो पिसवांच्या विष्ठेतला रक्ताचा अंश. मातीचा असा रंग सुटत नाही.

आपल्याकडे कुत्र्यांवर सापडणारी तपकिरी गोचीड वेगळी चाल खेळते. ती रक्त पिते, उतरते, भिंतीच्या फटीत, खिडकीच्या चौकटीत, पडद्याच्या वरच्या दुमडीत जाऊन लपते, कात टाकते आणि पुन्हा कुत्रा शोधते. असं करत ती तीनदा रक्त पिते. शेवटी मादी उतरून हजारो अंडी घालते. ती वर चढते हे लक्षात ठेवा. कुत्र्याचं अंथरूण धुऊन समाधान मानणाऱ्यांच्या डोक्यावरच्या पेलमेटमध्ये तिचा संसार चालू असतो. आमच्या जिन्यात भटकी कुत्री पावसात आसऱ्याला येतात, तिथून ती आली असणार. बिचाऱ्या कुत्र्यांना हाकलून काही होणार नाही, भिंतींच्या भेगा बुजवल्या तर होईल. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी तसं पत्र दिलं आहे. काका ‘बघू’ म्हणाले.

गोचीड काढायची ती चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरून, सरळ वर. रॉकेल नाही, जळकी काडी नाही, बोटांत चिरडणं तर नाहीच. स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. आजार तिच्यातूनच येतात: एर्लिकिया, बबेसिया, सगळे ज्याला एका दमात ‘टिक फीवर’ म्हणतात ते. पिल्लू मलूल झालं, खाईना, हिरड्या फिकट दिसल्या की रक्ततपासणी, ग्रूमिंग नंतर.

औषध निवडताना मॅडमनी तीन वाटा सांगितल्या. मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं स्पॉट-ऑन; परमेथ्रिन असलेलं स्पॉट-ऑन, जे गोचिडीला चावण्याआधीच पळवतं; आणि अफोक्सोलॅनर किंवा फ्लुरालॅनरसारखी चघळायची गोळी. परमेथ्रिन मांजरांना जीवघेणं ठरतं आणि शेजारच्या काकूंचा बोका चकलीला चाटून जातो, म्हणून ते बाद. गोळीला वय निदान ८ आठवडे आणि वजन निदान २ किलो लागतं, ते आमचं होतं. गोळीत एक उणं आहे: गोचीड चावल्यावरच मरते. आणि ज्या कुत्र्याला फिट येते त्याच्या बाबतीत डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, २०१८ मध्ये या गटातल्या औषधांबद्दल तशी सूचना दिलेली आहे.

मी गोळी घेतली, आणि त्यात ग्रूमिंगचाच विचार होता. स्पॉट-ऑन कातडीवरच्या तेलातून पसरतं, त्यामुळे आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ चालत नाही. शनिवारची अपॉइंटमेंट असेल तर गुरुवारी स्पॉट-ऑन टाकणं म्हणजे पैसे नाल्यात. स्पॉट-ऑन वापरणाऱ्यांनी ते ग्रूमिंगनंतर दोन दिवस सोडून, कोरड्या अंगावर टाकावं. गोळीला हा जाच नाही.

घरात: पडदे उतरवून गरम पाण्यात, चौकटींवर व्हॅक्यूमचं नळकांडं, पिशवी लगेच बाहेर. कामाच्या मावशी चौकटी पाहून म्हणाल्या, ‘गुरांना लावतात ते औषध आणू का गावाहून?’ नको. गोठ्यातलं औषध अंदाजाने पातळ करून पिल्लाला चोळणं हा विषबाधेचा राजमार्ग आहे.

वय १६ आठवडे

तिसरा डोस. इथून दोन आठवडे मोजायचे, मग सलून. वाट बघताना ग्रूमर शोधले. फोनवर मी किंमत शेवटी विचारायची. आधी विचारायचं: कार्ड बघता का? एका ठिकाणी ‘मॅडम, छोटा पप्पी है, चलेगा’ असं उत्तर आलं. मला चालत असेलही, पण तो उद्या कुणाचंही चालवून घेणार आणि तेच टेबल चकलीला मिळणार. दुसरा प्रश्न: दोन कुत्र्यांमध्ये टेबल कशाने पुसता? पार्व्होचा विषाणू साध्या फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं, आणि तो जागेवर महिनोन्‌महिने टिकतो. ब्लेडच्या अल्ट्राव्हायोलेट डबीचं कौतुक मला कमीच; ब्लेडच्या दातांत केस अडकलेले असतील तर त्यांच्याखाली प्रकाश पोचत नाही.

ज्यांच्याकडे गेले त्या दादांनी व्हॉट्सॲपवर कार्डाच्या दोन्ही पानांचा फोटो मागितला आणि विचारलं, ‘स्पॉट-ऑन कधी टाकलंय?’ तिथेच ठरलं.

वय १८ आठवडे पूर्ण: पहिला ट्रिम

सकाळचा पहिला स्लॉट घेतला. जागा तेव्हाच सर्वांत स्वच्छ असते आणि पिंजऱ्यात वाट बघावी लागत नाही. निघण्याआधी घरी फणी फिरवून, बोटांच्या मध्ये, काखेत, कानांच्या आत पाहून घेतलं. पॅकेजमध्ये ‘टिक बाथ’ होता, तो वगळायला सांगितला. त्या शॅम्पूने अंगावरच्या गोचिड्या मरतात, पण पुढे असर फारसा उरत नाही, आणि गोळी चालू असताना पिल्लावर दुसरं कीटकनाशक कशाला? साधा पपी शॅम्पू लावला.

काम थोडंच केलं: पंजे आणि पोटाखाली दहा नंबर ब्लेड, कानाच्या वरच्या भागावर थोडं, बाकी कात्री. पाठीवर मशीन नको म्हटलं. कॉकरची पाठ मशीनने उतरवली की पुढचे केस कापसासारखे येतात आणि सरळ चकाकी जाते, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. दादा पण त्याच मताचे निघाले. ब्लोअरला ती थरथरली, ट्रिमरला नाही. म्हणजे घरचा हेअर ड्रायर अजून जवळ आणायला हवा.

कानाच्या झालरीत गुंता झाला होता, तो कापावा लागला. कानाच्या मागे रोज स्टीलचा कंगवा हा आता नियम.

पुढचं वेळापत्रक असं: गोळीची तारीख कॅलेंडरवर ग्रूमिंगच्या तारखेशेजारीच लिहिली आहे. वय २६ आठवडे झालं की मुख्य लसीचा, म्हणजे डीएचपीपीआयचा, आणखी एक डोस, तो वर्षभर थांबून घेण्यापेक्षा वसावा आता याच वयात सुचवते. एआरव्ही आणि लेप्टो दरवर्षी, केनेल कफही वर्षाने. गणपतीत घर पाहुण्यांनी भरेल, म्हणून पुढचा ट्रिम त्याआधी. नखं मीच कापणार आहे.